पूल टाकणारा रणगाडा: लिहिताना या चुका टाळा

२६ जानेवारी जवळ आली की लष्करी पूलवाहनांचे फोटो फिरू लागतात आणि त्यांच्याखाली त्याच त्या चुका छापून येतात. संरक्षण विषयावर लिहिणारे, प्रश्नमंजुषा काढणारे आणि प्लास्टिकची मॉडेल्स बनवणारे, सगळेच त्यात अडकतात.

सर्वात ढोबळ चूक आधी. ‘सर्वत्र’ नावाचा लष्करी पूल रणगाड्यावर नसतो, टाट्रा ट्रकवर असतो. रणगाड्यावरचा पूल म्हणजे बीएलटी (ब्रिज लेयर टँक, पूल टाकणारा रणगाडा) टी-७२. टी-७२ रणगाड्याचा तोफेसकट बुरूज उतरवून त्या जागी घडीचा पूल बसवलेला असतो आणि तो कात्रीसारखा उघडतो. दोन्ही पूल घडवण्यात पुण्याच्या दिघीतील डीआरडीओच्या आरअँडडीई या लष्करी अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेचा हात आहे, त्यामुळे गोंधळ होतो खरा. पण फोटोत चाकं आहेत की पट्टे, एवढं पाहिलं तरी पुरतं. कामंही वेगळी आहेत. बीएलटी पहिल्या रणगाड्यांबरोबर गोळीबारात पुढे जातो, ट्रकवरचा पूल मागून येतो. ‘सर्वत्र’ची पाच वाहनं मधे टेकू उभारत एकापुढे एक पूल जोडतात आणि ७५ ते १०० मीटर अंतर पार करतात. बीएलटी मात्र एका झेपेत जेवढं जमेल तेवढंच ओलांडतो.

ही झेप, म्हणजे पूल ओलांडू शकतो ते अंतर, मोजताना सगळ्यात जास्त लोक चुकतात. बीएलटीचा पूल २० मीटरचा, म्हणून तो २० मीटरचा कालवा ओलांडतो, असं लिहून मोकळे होतात. पुलाची दोन्ही टोकं काठावर टेकायला नकोत का? २०२१ च्या जुलैमध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत लष्कराला मिळालेला छोटा पूल १० मीटरचा म्हणून ओळखला जातो, पण तो पार करतो साडेनऊ मीटरचा खड्डा. तिथे काठ पक्का धरलेला आहे. माती भुसभुशीत असेल तर टोकं आणखी आत घ्यावी लागतात आणि झेप तेवढी कमी होते.

म्हणून सॅपर, म्हणजे लष्कराचे अभियंते जवान, आधी काठ बघतात, रुंदी नंतर. अलीकडचा काठ हातानं चाचपता येतो. पलीकडे शत्रू असतो, तिथल्या मातीचा बहुतेक वेळा लांबूनच अंदाज घ्यावा लागतो. एक काठ फार उंच असेल तर पूल चढाचा होतो. आडवा कल असेल तर पुलाला पीळ बसतो आणि जड रणगाडा बाजूला सरकतो. पंजाबातल्या बांध घातलेल्या कालव्यांवर चढउताराची जागा आधी तयार करावी लागते. शिवाय एकदा टाकला की पूल जागेवर राहतो असंही नाही. प्रत्येक रणगाड्याच्या वजनाने काठ थोडा दबतो, टोक थोडं खाली जातं. काही गाड्या गेल्या की टेकण पुन्हा तपासलं जातं. चालकालाही शिस्त असते: पुलावर वळायचं नाही, गिअर बदलायचा नाही, ब्रेक मारायचा नाही, समोरच्या सॅपरच्या हातवाऱ्यावर एका संथ गतीनं जायचं.

पुलाच्या क्षमतेपुढे लिहिलेलं ‘एमएलसी ७०’ (मिलिटरी लोड क्लास) म्हणजे ७० टन, हीदेखील चूकच. तो वाहनाचा वर्ग आहे. त्यात वजनाबरोबर चाकं आहेत की पट्टे, भार किती लांबीवर पसरतो, दोन वाहनांत किती अंतर आहे, हे सगळं धरलेलं असतं. हा वर्ग झेपेवरही अवलंबून असतो. अमेरिकेच्या एम-६० रणगाड्यावरचा पूल १८ मीटरच्या खड्ड्यासाठी वर्ग ६० चा होता. जड एब्राम्स रणगाडा आल्यावर तोच पूल १५ मीटरच्या खड्ड्यासाठी वर्ग ७० चा धरला गेला. तेव्हा क्षमता लिहायची तर झेप सांगूनच लिहा.

बातम्यांत आणखी एक घोळ दिसतो: नदीवर लष्करानं काहीही टाकलं की तो ‘पूल टाकणारा रणगाडा’. मे २०२२ मध्ये युक्रेनमधल्या बिलोहोरिव्काजवळ सिव्हेर्स्की डोनेट्स नदीवर रशियन तुकडीची वाताहत झाली, तेव्हा उद्ध्वस्त झालेले पूल पाण्यावर तरंगणारे पाँटून होते. रणगाड्यावरचा पूल पाण्यात बुडत नाही की तरंगत नाही, तो दोन काठांच्या आधाराने उभा असतो. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे रणगाडारोधी खंदक, ओढा, अरुंद कालवा, मधेच उडवलेल्या पुलाची मोकळी जागा.

मॉडेलवाल्यांसाठी दोन गोष्टी. अनेक पूल दोन समांतर पट्ट्यांचे असतात आणि मधे मोकळी जागा असते. त्यावर रणगाड्याच्या मागे जीप उभी करायची असेल तर चाकांमधलं अंतर आधी मोजून घ्या. दुसरं, पूल टाकून पलीकडे गेलेलं बीएलटी दाखवायचं असेल तर पूल दुसऱ्या टोकाकडून उचलतानाही दाखवता येतो. पुढचा अडथळा येईपर्यंत तो पुन्हा पाठीवर हवा, म्हणून तो दोन्ही टोकांकडून घेता येतो.