न्यूजरूमवर रहस्यकथा लिहिताय? आधी तो खून काढून टाका

चार वर्षं एका चॅनेलच्या आउटपुट डेस्कवर नाईट शिफ्ट केली आणि मग त्यावरच एक विनोदी रहस्य कादंबरी लिहिली, आता नवीन लिहिणारे दोघंतिघं विचारतायत म्हणून सांगतो.

पहिल्या ड्राफ्टात मी नऊच्या बुलेटिनला अँकरचा खून केला होता. जुन्या सहकाऱ्याला वाचायला दिलं तर म्हणे, अरे बुलेटिन थोडंच थांबणारे, ब्रेक घेतील, दुसरा अँकर बसवतील आणि खाली 'सर्वात आधी आमच्याकडे' असा बँड चालवतील. पटलं. खून काढला, त्याच्या जागी एक टेप हरवली.

गोष्ट मुद्दाम २००८ ची ठेवली. झी २४ तास, स्टार माझा २००७ ला आलेले, चोवीस तास मराठी बातम्या हेच नवीन होतं आणि शूट बरंचसं टेपवर व्हायचं. टेप कशी, खिशात घालता येते, लेबल बदलता येतं, मंत्र्यांच्या बाईटवर कुणी चुकून पुतण्याचं बारसं शूट करू शकतं. सर्व्हरवरच्या फाईलमध्ये कसली आलीय ही मजा.

क्लू बाहेरून आणू नका, कामातच पडलेले असतात. उदाहरणार्थ प्रॉम्प्टर, ज्यावरून अँकर बातमी वाचतो. कॅमेऱ्यासमोर तिरकी काच, खालच्या स्क्रीनवर अक्षरं उलटी, ती काचेत सुलटी दिसतात, पण फक्त समोरून. त्यामुळे 'मी कॅमेऱ्यामागे उभा राहून वाचलं' असं कुणी म्हणालं की तो खोटं बोलतोय, माझा चोर इथेच सापडतो. दुसरं म्हणजे लॉगिन. रनडाऊनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या बातम्यांच्या क्रमवार यादीत, कुणी काय कधी बदललं याची नोंद राहते, म्हणून हिरो खुशीत ती उघडतो तर सगळे बदल सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर, कारण अख्खी शिफ्ट त्याच्याच पासवर्डवर काम करतेय (हे मी अजिबात रचलेलं नाही).

पीसीआर, टिकर, फोनो हे शब्द समजावत बसू नका. प्रोड्युसर टॉकबॅकवर अँकरच्या कानात 'फोनो पाड, फोनो पाड' ओरडतोय आणि अँकर हसत 'आपण संपर्कात राहूच' म्हणतेय, एवढ्यात वाचकाला कळतं की फोनवरच्या माणसाला कापायचंय.

आणि हो, ओळखीची माणसं ओळखू येतील म्हणून फार घाबरू नका. आमच्या तेव्हाच्या बॉसनी कादंबरी वाचून फोन केला, खूश होते, म्हणाले डिटेक्टिव्ह माझ्यावरच बेतलायस ना. चोर त्यांच्यावर बेतलाय.