काजूच्या मोसमात माकडताप कसा टाळायचा

काजू धरायला लागले की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात मी आधी जुन्या फुल पँटी, पूर्ण बाह्यांचे सदरे आणि लांब मोजे काढून ठेवतो. २०१५ साली पाली गावात माकडतापाची साथ आली, तेव्हापासून लुंगी खोचून मळ्यात जाणं बंद.

माकडाच्या नुसत्या जवळ गेल्याने हा ताप येत नाही. गोचीड चावली की विषाणू अंगात शिरतो. त्यातही वाईट तिची अर्धवट वाढलेली, तिळाएवढी पिल्लं. ती साधारण डिसेंबर ते मे पाचोळ्यात असतात, म्हणजे नेमकी आपल्या बोंडू वेचायच्या दिवसांत.

पँट मोज्यात खोचा. ध्यान दिसतं, दिसू दे. हात, पाय, मानेला आरोग्य केंद्रातलं डीएमपी तेल, म्हणजे गोचडी लांब ठेवणारं तेल, लावा आणि घामाने उतरतं म्हणून जेवून हात धुतल्यावर पुन्हा लावा. जेवायला पाचोळ्यावर नाही, उघड्या खडकावर बसा.

घरी आल्यावर कपडे अंगणातच उतरवून उकळत्या पाण्यात टाका. साबणाने अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे, कमरेच्या पट्ट्याखाली नीट बघा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, विडीचा चटका नको, बोटांनी चिरडणं तर मुळीच नको.

रानात चरलेली गुरंही गोचडी घरी आणतात. गोठ्यात अंथरायला रानातला पाचोळा आणायची सवय जुन्या माणसांना सोडवत नाही. निदान या महिन्यांत भाताचा पेंढा वापरा.

रानात माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका. त्याच्या अंगावरच्या गोचडी खाली उतरून तिथेच पसरतात. मारुतीचं रूप म्हणून हार घालून मूठमाती देणारे आपल्यात आहेत. नमस्कार लांबूनच करा आणि वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

एकदम हुडहुडी भरून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर थांबू नका. डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा. मनाने ॲस्पिरिन, ब्रुफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पूर्वी टोचायचे ती लस आता बंद आहे, आणि यावर खास औषधही नाही. काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप उलटतो, तेव्हा बरं वाटताच लगेच काजूत जाऊ नका.