महत्त्वाचा निर्णय दोन भाषांत कसा तपासावा

सदाशिव पेठेतील जुनी जागा पुनर्विकासाला द्यावी का, किंवा वडिलांची शस्त्रक्रिया करावी का, असा प्रश्न समोर असेल तर तो दोन भाषांत लिहून पाहावा. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एकच पेच ‘इतके वाचतील’ असा मांडला की लोक खात्रीचा पर्याय निवडत आणि ‘इतके दगावतील’ असा मांडला की धोका पत्करत. परकीय भाषेत वाचणाऱ्यांमध्ये मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. नंतर शिकलेल्या भाषेला भावनेचा भार कमी असतो, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

म्हणून दुसरी भाषा विचारपूर्वक निवडावी. शाळेपासून इंग्रजीत शिकलेल्या आणि हिंजवडीत दिवसभर तीच बोलणाऱ्या माणसाला इंग्रजी फारशी परकी उरलेली नसते. त्याने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली जर्मन किंवा जपानी घ्यावी, मात्र कारणे नीट मांडता येतील इतकी ती अवगत असावी.

आधी मराठीत, काहीही न खोडता, भीती, राग, नातेवाईक काय म्हणतील हे सारे लिहावे. एक-दोन दिवसांनी तो कागद न उघडता दुसऱ्या भाषेत तोच प्रश्न नव्याने मांडावा. भाषांतर केल्यास पहिलाच विचार पुन्हा उतरतो. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून एकाच भाषेत आलेली कारणे अधोरेखित करावीत. मराठीत ‘काका दुखावतील’ याला अर्धे पान लागले आणि जर्मनमध्ये काकांचा उल्लेखही नसेल, तर आपल्याला खरोखर काय अडवते आहे ते तिथे दिसते.

परभाषेतील कोरडा युक्तिवाद अधिक शहाणा असतो, हे मला मान्य नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात, एका काल्पनिक प्रसंगात पाच जणांना वाचवण्यासाठी एकाला पुलावरून ढकलण्यास परकीय भाषेत अधिक लोक तयार झाले; म्हणजे परभाषेमुळे येणाऱ्या या भावनिक अंतराने पूर्वग्रहासोबत माणसाच्या जिवाविषयीचा संकोचही कमी होऊ शकतो. त्यामुळे घर, पैसा, नोकरी यांत दुसऱ्या कागदाला अधिक वजन द्यावे, परंतु रुग्णाच्या उपचारांविषयी ठरवताना मराठी कागद आधी वाचावा आणि रुग्णाशी त्याच्याच भाषेत बोलल्याशिवाय होकार देऊ नये.