मॅक्रो करायचीय? मग कासच्या अलीकडेच थांबा

साताऱ्यात राहतो म्हटल्यावर सप्टेंबरात फोन ठरलेलेच. "मॅक्रो लेन्स घेतलीय, कासला कधी येऊ?" जरूर या आणि डोळे भरून बघा, पण मॅक्रोसाठी, म्हणजे बारक्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढायला, दुसरी जागा धरा, असं मी सांगतो. कासला ठरलेल्या वाटेवरून आत पाय टाकायचा नसतो आणि ते योग्यच आहे. पण सीतेच्या आसवांचं फूल असतं नखाएवढं. १०० एमएमची लेन्स असली तरी त्याच्या अगदी जवळ, जमिनीलगत जावंच लागतं. वाटेवर उभं राहून ते कसं जमायचं?

त्यापेक्षा यवतेश्वरचा किंवा कुठलाही घाट बघा. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, त्या कातळातून पावसाळाभर पाणी झिरपतं. तिथे शेवाळ, तेरडा, नशीब असेल तर बेगोनिया, आणि तेही उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. लोळायला नको, काही तुडवलं जात नाही. गाडी मात्र वळणावर लावू नका.

वाऱ्याचा विचार आधी करा. चाळकेवाडीच्या पठारावर फुलं भरपूर, पण जिथे पवनचक्क्या उभ्या केल्यात तिथे दांडी स्थिर राहील ही आशा कशाला धरायची? बांधाची आडोशाची बाजू, ओढ्याची खोलगट कड, पडक्या भिंतीचा कोपरा, अशा ठिकाणी काम होतं.

किडे हवे असतील तर किडे शोधत फिरू नका, झाड शोधा. पडीक प्लॉटवर रुई दिसली की पानं उलटून बघायची. प्लेन टायगर फुलपाखराची मादी तिथे एकेक पांढरट अंडं घालते. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर पुढचे काही दिवस दुसरीकडे जायचं कारणच नाही. परसातल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मनची अळी मिळते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. फोटोसाठी डिवचू नका, एवढंच. रस्त्याकडेची एकदांडी तर जवळजवळ वर्षभर फुललेली असते. छोटी निळी फुलपाखरं आणि मधमाश्या तिच्यावर हमखास.

जागा हेरायला कॅमेरा न घेता जा, तेही ऊन चढल्यावर. तेव्हा किडे उडत असतात, म्हणजे वर्दळ कुठे आहे ते कळतं. फोटोला दुसऱ्या दिवशी उजाडताना. थंडाव्याने चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक किडे) सुस्त झालेल्या असतात, पंखांवर दव असतं, आणि वारा सहसा पडलेला असतो. पूर्वेकडून उघडी जागा असली तर पहिली कोवळी किरणं मिळतात. डोंगर आड आला तर उन्हाची वाट बघत बसा.

संध्याकाळीही एक चक्कर मारा. अंधार पडायच्या आधी निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे (ब्लू बँडेड बी) नर वाळक्या काडीवर येतात, जबड्याने काडी घट्ट पकडतात आणि तसेच लटकून झोपतात. पुष्कळदा दुसऱ्या दिवशीही तीच काडी. ती सापडली की खूण लक्षात ठेवा, पण आजूबाजूचं गवत साफ करायला जाऊ नका.

शेताचा बांध निवडलात तर मालकाला विचारूनच जा आणि त्याच ओघात फवारणी कधी झाली तेही विचारा. नुकती झाली असेल तर पुढचा बांध बघा.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पायात बूट हवेतच. सुटे दगड उलटवायचे नाहीत. खाली फुरसं असू शकतं. गुडघ्याखाली जुन्या पोत्याची घडी पुरते, तीही उघड्या कातळावरच टाकायची.

एप्रिल-मेमध्ये फुलं आटली की पाण्याकडे वळा. गळका नळ, गुरांच्या हौदाखालचा चिखल, ओढ्यातली शेवटची ओल. क्षारांसाठी फुलपाखरं तिथे घोळक्याने बसतात आणि सोंड चिखलात असली की बरीच जवळ येऊ देतात. तुमची सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका.