डी अँड डीचा रोग क्लास: जुनी शीट २०२४ च्या नियमांवर कशी आणायची

आधी एक सांगून टाकतो, डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ, आणि रोग (इंग्रजीत Rogue, चपळ चोरटा) हे त्यातल्या एका क्लासचं, म्हणजे पात्राच्या प्रकाराचं नाव आहे, आजारपणातला रोग नाही, पण देवनागरीत दुसरं काय लिहिणार, म्हणून पुढे सगळीकडे रोगच लिहितोय.

तर तुम्ही २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकवर रोग खेळत आलात आणि आता डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतोय की पुढच्या सेशनपासून २०२४ चं पुस्तक. शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, पूर्ण फाडायची गरज नाही. डी८ (आठ बाजूंचा फासा) हिट डाय तोच, लाइट आर्मर तेच, स्नीक अटॅकचा (संधी साधून केलेल्या वाराच्या जादा डॅमेजचा) तक्ताही तोच, म्हणजे पहिल्या लेव्हलला १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) आणि मग दर विषम लेव्हलला एक फासा वाढत १९ व्या लेव्हलला १०डी६. स्नीक अटॅकच्या अटी पण त्याच, फिनेस (ताकदीऐवजी चपळाईने वापरता येणारं) किंवा रेंज्ड (लांबून मारायचं) शस्त्र, आणि एकतर अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, डिसअ‍ॅडव्हान्टेजला छोटा) पाहिजे नाहीतर टार्गेटच्या पाच फुटांत आपला कोणीतरी शुद्धीवर उभा पाहिजे आणि तुम्हाला डिसअ‍ॅडव्हान्टेज नको. बदललंय ते त्याच्या आजूबाजूचं सगळं, आणि माझ्या मते हा बदल एका वाक्यात सांगायचा तर तुमची बोनस अ‍ॅक्शन (मुख्य कृतीशिवाय टर्नमध्ये मिळणारी एक छोटी कृती) आता खूप वेळा मोकळी राहते. तिचं काय करायचं हे ज्याला कळलं त्याला नवा रोग कळला.

शस्त्रांपासून सुरू करा. आता साधी सगळी शस्त्रं चालतात आणि मार्शल, म्हणजे लढवय्यांच्या शस्त्रांमधली फक्त फिनेस किंवा लाइट (हलकी) असलेली, म्हणजे रेपियर, शॉर्टस्वोर्ड, सिमिटार, चाबूक, हँड क्रॉसबो वगैरे. लाँगस्वोर्ड यादीतून गेली, पण तिच्यावर स्नीक अटॅक आधीही बसत नव्हता त्यामुळे रडण्यासारखं काही नाही. नवीन गोष्ट म्हणजे वेपन मास्टरी, म्हणजे शस्त्राची खास करामत, पहिल्याच लेव्हलला दोन शस्त्रं निवडायची आणि लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) बदलता येतात. इथे बरेच जण डोळे झाकून रेपियर घेतात कारण डी८ डॅमेज दिसतं. मी सांगेन की शॉर्टस्वोर्ड आणि डॅगर घ्या, किंवा डॅगरऐवजी सिमिटार.

का ते नीट बघा. शॉर्टस्वोर्डची मास्टरी व्हेक्स, म्हणजे वार लागून डॅमेज झालं की त्याच शत्रूवरच्या तुमच्या पुढच्या वाराला अ‍ॅडव्हान्टेज, तुमचा पुढचा टर्न संपेपर्यंत. डॅगर आणि सिमिटारची निक, म्हणजे दुसऱ्या हाताचा जो जादा वार आधी बोनस अ‍ॅक्शन खायचा तो आता अटॅक अ‍ॅक्शनच्या आतच होतो, टर्नला एकदा. आता समजा तुम्ही एकटेच पुढे गेलात, शेजारी आपलं कोणी नाही, अ‍ॅडव्हान्टेज पण नाही. जुन्या नियमात अशा वेळी स्नीक अटॅक विसरा. आता आधी शॉर्टस्वोर्ड मारायची, लागली तर व्हेक्स, मग डॅगरचा वार अ‍ॅडव्हान्टेजने, आणि तो लागला की स्नीक अटॅक बसला, कोणाच्या मदतीशिवाय. आणि शेजारी फायटर उभा असेल तर वेगळा फायदा, एका वाराला लागायची शक्यता ६५ टक्के धरली तर दोन वारांत निदान एक लागायची शक्यता ८८ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे टर्न फुकट जाणं खूपच कमी होतं. दुसऱ्या वाराच्या डॅमेजमध्ये डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) आकडा मिळवायचा नाही एवढं लक्षात ठेवा, हे नवीन खेळाडू हमखास विसरतात.

आणि हे सगळं करून बोनस अ‍ॅक्शन अजून हातात. दुसऱ्या लेव्हलला कनिंग अ‍ॅक्शन आहेच, बोनस अ‍ॅक्शनने डॅश (जादा पळणं), डिसएंगेज (वार न खाता बाजूला होणं), हाइड (लपणं). तिसऱ्या लेव्हलला स्टेडी एम आता सगळ्यांना मिळतो, आधी तो २०२० च्या टाशाच्या (टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग) पुस्तकातला ऐच्छिक नियम होता आणि डीएमला विचारून घ्यावा लागायचा. त्या टर्नमध्ये हललेला नसाल तर बोनस अ‍ॅक्शन देऊन पुढच्या वाराला अ‍ॅडव्हान्टेज, बदल्यात टर्न संपेपर्यंत स्पीड शून्य.

आता पाचवी लेव्हल, खरी मजा इथे आहे. अनकॅनी डॉज (लागलेल्या वाराचं डॅमेज निम्मं करणं) आहेच, सोबत कनिंग स्ट्राइक. स्नीक अटॅक बसला की त्यातला एक फासा सोडून द्यायचा आणि बदल्यात एक परिणाम घ्यायचा: पॉयझन, ट्रिप किंवा विथड्रॉ. आमच्या टेबलावर पहिल्यांदा हे आलं तेव्हा आमच्या रोगवालीने तीन लाल फासे मुठीत घेऊन खुळखुळवले, मग थांबली, एक फासा काढून टेबलाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली ट्रिप. मला ती पद्धत इतकी आवडली की आता आम्ही सगळेच असं करतो, फासा खरोखर बाजूला काढून ठेवायचा. कारण नियम तसाच आहे, डॅमेज रोल करायच्या आधी फासा काढायचा, रोल करून मग सगळ्यात छोटा आकडा काढायचा नाही. आणि वार लागल्यावरच ठरवायचं असल्यामुळे हुकलेल्या वारावर काही वाया जात नाही. क्रिटिकल (फाशावर २० आल्यावरचा जबर वार) आला तरी आधी फासा कमी, मग उरलेले दुप्पट, म्हणजे पाचव्या लेव्हलला ३डी६ मधून एक गेला, २डी६ राहिले, क्रिटला ४डी६.

एका डी६ ची सरासरी साडेतीन. म्हणजे प्रश्न दर वेळी एकच, हा परिणाम साडेतीन डॅमेजपेक्षा जास्त कामाचा आहे का. माझं उत्तर बहुतेक वेळा हो आहे, पण आंधळेपणाने नाही. समोरच्याच्या सेव्हचा (परिणाम टाळायच्या रोलचा) डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ८ अधिक प्रोफिशन्सी (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) अधिक डेक्स्टेरिटी, पाचव्या लेव्हलला डेक्स्टेरिटी १८ (म्हणजे +४) असेल तर ८+३+४=१५, हा आकडा शीटवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा नाहीतर दर टर्नला सगळे थांबून हिशोब करत बसतात.

ट्रिप लार्ज किंवा त्याहून लहान शत्रूवर चालतो, डेक्स्टेरिटी सेव्ह हुकला की तो आडवा. आडव्या शत्रूवर जवळून मारणाऱ्यांना अ‍ॅडव्हान्टेज, पण लांबून बाण मारणाऱ्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज, त्यामुळे तुमच्यानंतर टर्न कोणाचा आहे ते आधी बघा. बार्बेरियन असेल तर खुशाल पाडा, रेंजर धनुष्य ताणून बसलेला असेल तर नका पाडू, त्याच्या शिव्या खाल. पॉयझनला अंगावर पॉयझनर्स किट असलंच पाहिजे, ५० गोल्डचं आहे, पुढच्या गावात पहिलं काम तेच करा. प्रोफिशन्सी नसली तरी चालतं, किट नुसतं जवळ असलं की झालं. कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणा) सेव्ह हुकला तर एक मिनिट पॉयझन्ड, म्हणजे त्याचे वार आणि अ‍ॅबिलिटी चेक डिसअ‍ॅडव्हान्टेजने, दर टर्नच्या शेवटी तो परत सेव्ह करतो. भुतंखेतं आणि यंत्रमानव छाप शत्रूंवर बऱ्याचदा विषाचा उपयोगच होत नाही, तिथे फासा घालवू नका.

विथड्रॉ दिसायला साधा आहे पण मला सगळ्यात जास्त तोच आवडतो. वार केल्यावर लगेच निम्म्या स्पीडने निघून जायचं, अपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावर शत्रूचा फुकटचा वार) नाही. म्हणजे डिसएंगेजसाठी बोनस अ‍ॅक्शन जात नाही, ती हाइडला वापरता येते: आत घुसा, मारा, सटका, खांबामागे लपा, सगळं एका टर्नमध्ये. फक्त एक घोटाळा टाळा, स्टेडी एम आणि विथड्रॉ एकत्र जमत नाहीत. स्पीड शून्य झालेला असतो आणि शून्याचं निम्मं शून्यच. आमच्याकडे हे भर लढाईत कळलं आणि बिचारा रोग ऑगरच्या समोर तसाच उभा राहिला. नवव्या लेव्हलच्या असॅसिनला (रोगचा एक सबक्लास, म्हणजे उपप्रकार) मात्र स्टेडी एमने स्पीड जात नाही, त्याला ही जोडी जमते.

सातव्या लेव्हलला इव्हेजन (स्फोटासारख्या माऱ्यातून निसटणं) आहेच पण रिलायबल टॅलेंट ११ वरून खाली सातवर आलंय, आणि लोकांनी यावर म्हणावं तेवढं लक्ष दिलेलं नाही. ज्या स्किलमध्ये किंवा टूलमध्ये प्रोफिशन्सी आहे तिथे नऊ किंवा कमी आलं तरी दहा धरायचे. स्टेल्थमध्ये (लपण्याच्या स्किलमध्ये) एक्सपर्टीज (दुप्पट प्रोफिशन्सी) आणि डेक्स्टेरिटी १८ असेल तर १०+४+६, म्हणजे तुमचा सगळ्यात वाईट स्टेल्थ २०.

आणि हे नव्या हाइडच्या नियमाशेजारी ठेवून बघा. आधी तुमचा स्टेल्थ विरुद्ध समोरच्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधताही लक्षात येण्याचा आकडा) असं होतं. आता हाइड अ‍ॅक्शनला ठरलेला डीसी १५ आहे, अट ही की तुम्ही दाट अंधारात किंवा धुक्यात वगैरे असाल, नाहीतर निदान तीन चतुर्थांश आडोशामागे, आणि शत्रूच्या नजरेत नसाल. जमलं की इन्व्हिजिबल कंडिशन मिळते आणि तुमच्या चेकची जी बेरीज आली ती तुम्हाला शोधायचा डीसी होते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलात, शत्रूने शोधलं, अटॅक रोल केलात किंवा तोंडाने मंत्र म्हणायचा स्पेल टाकलात की ती संपते. म्हणजे सातव्या लेव्हलनंतर जागा योग्य असेल तर तुम्ही लपण्यात नापास होतच नाही. वाद होतो तो आडोशातून बाहेर उघड्यावर आल्यावर काय, यावर. कंडिशनचं नाव इन्व्हिजिबल म्हणून काही खेळाडू भर चौकातून चालत जायला बघतात, आमच्या टेबलावर आम्ही ठरवलंय की उघड्यावर आलं आणि समोरचा बघतोय तर त्याने तुम्हाला शोधलंच. तुमच्या डीएमशी हे सेशनच्या आधी बोलून घ्या, लढाईत नको.

सबक्लासमध्ये पुस्तकात आता चार आहेत, थीफ, असॅसिन, आर्केन ट्रिकस्टर आणि सोलनाइफ. सगळ्यात जास्त धक्का असॅसिनवाल्यांना बसतो कारण सरप्राइज झालेल्या शत्रूवर आपोआप क्रिट हे गेलं. मला आधी वाईट वाटलं होतं, पण खरं सांगा, तो क्रिट किती वेळा मिळायचा? प्लेट आर्मर खडखडवत पॅलाडिन मागे आला की शत्रू सावध, संपलं. आता सरप्राइज म्हणजे फक्त इनिशिएटिव्हला (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या रोलला) डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि असॅसिनला स्वतःच्या इनिशिएटिव्हला कायम अ‍ॅडव्हान्टेज, पहिल्या राउंडमध्ये ज्यांचा टर्न झालेला नाही त्यांच्यावर वाराला अ‍ॅडव्हान्टेज, आणि त्या राउंडच्या स्नीक अटॅकला रोग लेव्हलइतकं जादा डॅमेज. आकडा छोटा आहे पण जवळजवळ प्रत्येक लढाईत मिळतो. क्रिमिनल बॅकग्राउंड घेतलंत तर अलर्ट फीट (एक खास गुण) मिळतो, इनिशिएटिव्हमध्ये प्रोफिशन्सी मिळवायची, असॅसिनला हे अगदी चपखल बसतं.

थीफ माझा लाडका. फास्ट हँड्समध्ये आता बोनस अ‍ॅक्शनने मॅजिक अ‍ॅक्शन लागणारी जादूची वस्तू पण वापरता येते, जे २०१४ मध्ये चक्क बंद होतं. जादूची वस्तू नसेल तरी कॅलट्रॉप्स, म्हणजे आपल्या गोखरूसारखे लोखंडी काटे, किंवा छर्रे दारात ओतून त्याच टर्नमध्ये वार करता येतो. विथड्रॉ करून दाराबाहेर आणि मग काटे पसरायचे, करून बघा.

वरच्या लेव्हल भराभर: ११ ला एका वारावर दोन परिणाम, १४ ला ब्लाइंडसेन्स (न दिसणारे जवळचे शत्रू जाणवणं) गेला आणि त्याजागी नवे परिणाम, डेझ (गांगरवणं) दोन फाशांना, ऑब्स्क्युअर (आंधळं करणं) तीन, नॉक आउट (बेशुद्ध करणं) सहा. नॉक आउट मोहात पाडतो पण बेशुद्ध शत्रूला जरा डॅमेज झालं की तो जागा, तेव्हा सगळ्यांना आधी ओरडून सांगा की याला हात लावू नका. १५ ला स्लिपरी माइंडमध्ये विस्डमबरोबर करिज्मा सेव्ह पण.

जुना स्वॉशबकलर वगैरे सबक्लास चालू असेल तर टाकून देऊ नका, रोगचे सबक्लास आधीही तिसऱ्या लेव्हललाच सुरू व्हायचे त्यामुळे ते नव्या क्लासवर सरळ बसतात. आणि पुस्तक घ्यायच्या आधी नुसतं चाखून बघायचं असेल तर एप्रिल २०२५ मध्ये आलेली एसआरडी (नियमांचा अधिकृत संच) ५.२ ची पीडीएफ फुकट आहे, त्यात पूर्ण रोग क्लास आणि सबक्लास म्हणून थीफ दिलाय.