सुरी-कोयत्याचं चामडी म्यान घरी कसं शिवायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. म्यान पात्याला धरून ठेवत नसतं, मुठीला धरून ठेवतं. लोक काय करतात, पात्याच्या मापाचं एकदम टाईट पाकीट शिवतात आणि मूठ सगळी बाहेर ठेवतात, मग सुरी आतबाहेर करताना धार चामडं कापत जाते आणि चारदोन महिन्यांत टोक बाहेर दिसायला लागतं. खरं म्हणजे पात्याला आत थोडी सैल जागा पाहिजे, मुठीचा तिसरा हिस्सा तरी म्यानात गेला पाहिजे आणि तिथं चामडं ओलं करून नीट दाबून बसवलं पाहिजे. हे जमलं की सुरी उलटी धरून झटका, पडत नाही, वर बटणाचा पट्टा लावायचीबी गरज नाही.

आता चामडं. हे चुकलं तर पुढचं सगळं वाया, म्हणून इथं जरा वेळ घालवू. पर्स, जॅकेट, सोफा यांचं जे मऊ चामडं असतं ते बहुतेक क्रोमचं, म्हणजे रसायनात कमावलेलं. ते आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी पातं गंजतं. आपल्याला पाहिजे झाडाच्या साली-फळांत कमावलेलं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा, तरवड असल्या गोष्टींनी केलेलं, ज्याला दुकानदार व्हेज टॅन म्हणतात. तरवड तर आपल्या मराठवाड्यात माळावर फुकट उगवतो, कुणी बघत नाही त्याच्याकडं. ओळखायचं कसं, तर कापलेली कड बघा, क्रोमचं असलं तर मधोमध निळसर-करडं दिसतं, सालीचं आरपार तपकिरी. दुसरं, रंग न दिलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका, सालीचं चामडं पटकन पिऊन काळपट होतं.

जाडी साध्या सुरीला अडीच-तीन मिलिमीटर बास, कोयत्याला साडेतीन-चार. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्याबी कत्तलीला बंदी आहे, त्यामुळं इथलं जाड चामडं आता जास्त करून म्हशीचंच, दाणा, म्हणजे वरचा पोत, जरा जाडाभरडा असतो पण मजबुतीला काही कमी नाही. पाठीचा भाग मागा, पोटाचा नको, पोटाचं चामडं ताणलं जातं आणि म्यान महिन्याभरात ढिल्लं पडतं. कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्यांकडं जे चामडं असतं ते आपल्या कामाचं, त्यांच्याकडं कातरण मागितलं तर मिळून जातं. नाहीतर मुंबईला कुणी जाणार असलं तर धारावीतून आणायला सांगा. चामडं चौरस फुटावर विकतात, एका मध्यम सुरीच्या म्यानाला अर्धा फूट पुरतं, उगं अख्खी पाठ घेऊन बसू नका. आणि हात बसवायचा असेल तर मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला चक्कर टाका, लोहा तालुक्यातलं खंडोबाचं माळेगाव, तिथं घोड्यांचा बाजार भरतो आणि घोड्यांच्या सामानाची दुकानं लागतात. लगाम, खोगीर जवळून बघा, शिलाई कुठं दुहेरी मारलीय, रिबीट कुठं ठोकलाय, ते बघूनच अर्धं काम समजतं.

हत्यारं फार लागत नाहीत. रापी म्हणजे चामडं कापायचं पातं, आरी म्हणजे भोकं पाडायचा टोच्या, दोन बोथट सुया, मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा एक मिलिमीटरच्या आसपासचा, लोखंडी पट्टी, चपलावाल्याकडं चिकटवायला असतं ते पिवळं सोल्युशन, पॉलिश पेपर. टाके सारख्या अंतरावर पडायला बाहेर महागाचे काटे मिळतात, पण जेवायचा स्टीलचा काटा-चमचा पण चालतो, कडेनं दाबत गेलं की सारख्या खुणा पडतात, मग त्या खुणांवर आरी. रापीला मात्र धार पाहिजे म्हणजे पाहिजे. बोथट रापी जोर लावल्यावर घसरते आणि सरळ अंगठ्यात जाते.

पॅटर्नसाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद एक नंबर. कागद मधोमध घडी घाला, सुरीची पाठ घडीला लावा, भोवती पेन्सिल फिरवा, आणि धारेच्या बाजूनं बारा ते पंधरा मिलिमीटर जागा सोडा, मूठ जाड असली तर तिथं अजून जास्त. कागदाचं म्यान स्टेपल करून सुरी घालून बघा. कागदात नीट बसली नाही तर चामड्यात बसणार नाही, आणि कागद चुकला तर पत्रिका घरात ढीगभर पडलेल्या असतात. पात्यापेक्षा मूठ रुंद असली तर तोंडाकडं पॅटर्न पसरट होणारच, त्याला घाबरू नका.

कापून झालं की पहिल्यांदा बेल्टचा लूप शिवा. पहिल्यांदाच, हां. म्यान बंद झाल्यावर आत हात जात नाही, मग सुई घालणार कुठून.

त्यानंतर मधली पट्टी. दोन थरांच्या मध्ये धारेच्या बाजूनं त्याच चामड्याची दहा-बारा मिलिमीटर रुंद पट्टी चिकटवायची. धार घासणार ती या पट्टीवर, दोऱ्यावर नाही. ही पट्टी नसलेलं म्यान म्हणजे दिसायला म्यान, आतून सुरी दोरा कापतच असते. तोंडाकडचं पट्टीचं टोक रापीनं पातळ तासा म्हणजे तिथं गाठ आल्यासारखं दिसत नाही. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं तसंच सोडा आणि मगच दाबा, ओल्या सोल्युशनवर दाबलं की सरकतं. चिकटल्यावर तिन्ही थरांची कड पॉलिश पेपरनं एकसारखी करून घ्या आणि कडेपासून चार मिलिमीटर आत शिलाईची रेघ ओढा.

शिलाई दोन सुयांची. एकच दोरा, शिलाईच्या लांबीच्या चौपट घ्या, दोन्ही टोकांना एकेक सुई. पहिल्या भोकातून दोरा अर्ध्यावर आणा, मग प्रत्येक भोकात डावी सुई उजवीकडं, उजवी डावीकडं, आणि दोन्ही टोकं एकदम ओढायची. एक सुई भोकात असताना दुसरीनं पहिलीचा दोरा टोचायचा नाही, म्हणून दुसरी घालताना पहिला दोरा जरासा मागं ओढून धरा. डावी आधी तर शेवटपर्यंत डावीच आधी, क्रम बदलला की टाके वाकडेतिकडे दिसतात. मशीनच्या शिलाईत एक दोरा तुटला की शिवण उसवत जाते, इथं एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. शेवटी दोन-तीन टाके उलटे मारा, दोरा कापा, टोक लायटरनं वितळवून दाबा. वेळ लागतो, पाठ दुखते, मान्य आहे, पण घाई करायची असेल तर रेडिमेड घ्या ना राव.

आता ओलं करून बसवणं. सुरीला आधी तेल लावा आणि प्लास्टिकच्या पातळ पिशवीचे दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा, धारेकडं दुधाची जाड पिशवी. हे टाळायचं नाही, कारण सालीच्या चामड्यात टॅनिन असतं, ओल्या चामड्याला लोखंड लागलं की काळेकुट्ट डाग पडतात. हिरडा आणि लोखंडापासून काळी शाई करतात ना, तेच हे. म्हणून ओलं असताना रापी, पट्टी, खिळे काही त्यावर ठेवू नका, रिबीटबी पितळेचेच वापरा. डाग पडलाच तर लगेच लिंबाचा रस चोळून पाण्यानं धुवा, ताजा असला तर बराच निघतो.

म्यान कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा, आणि लगेच हात लावू नका, वरचा रंग परत उजळायला लागेपर्यंत थांबा. मग सुरी घाला आणि मूठ जिथं सुरू होते तिथं बोटांनी, चमच्याच्या मागच्या बाजूनं दाबत दाबत आकार बसवा. नखं लागू देऊ नका, ओल्या चामड्यावर नखाची खूण कायमची राहते. तासा-दोन तासांनी आकार धरला की सुरी अलगद काढा आणि म्यान रात्रभर सुकू द्या. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बेचाळीसच्या पुढं पारा जातो, तेव्हा उन्हात तर नाहीच पण पत्र्याच्या खोलीतबी ठेवू नका, ओलं चामडं तापलं की आकसतं आणि नंतर ठिसूळ होऊन तडकतं. माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा, वर सुती फडकं टाका, सावकाश सुकू द्या.

सुकल्यावर कड पुन्हा घासा, बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी बोटानं लावा आणि गुळगुळीत लाकडानं जोरात रगडा, तीन थर एकच असल्यासारखे चमकतात. मग तेल. इथं आपल्याकडं सगळ्यांचा हात करडईच्या बाटलीकडं जातो, कारण घरात तीच असते. करडई नको, जवस तर अजिबात नको, ही तेलं हवेनं आळतात, चामडं चिकट होतं आणि धूळ धरतं. एरंडेल चालतं, अगदी पातळ हात, वर मधमाशीचं मेण. जास्त तेल पाजलं की म्यान मऊ पडतं आणि एवढी मेहनत करून बसवलेला आकार जातो.

कोयत्याचं गणित वेगळं. पातं रुंद आणि वाकडं, ते पाकिटात जात नाही, म्हणून फक्त धारेवरचं कव्हर करायचं. धारेच्या आकाराचे दोन तुकडे, मध्ये तीच पट्टी जरा जाड, पाठीकडून उघडं, आणि वरून दोन पट्टे टिचबटणाचे. बीडकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, लेकरं आणि कोयते सगळं एकातच असतं, धारेवर बहुतेक पोत्याचा तुकडा नाहीतर ट्यूब गुंडाळलेली. तिथं हे कव्हर खरंच उपयोगाचं आहे. फक्त कुठलंबी पातं महिनोन्‌महिने चामड्यात घालून ठेवू नका, हंगाम संपला की कोयता तेल लावून वेगळा आणि कव्हर वेगळं. चामडं दमट हवा पितं, गंज आतून चढतो.

ऑर्डर घ्यायला लागलात तर एवढं बघा की नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पातं असेल आणि ते घरकाम, शेती, कारखाना अशा कामाचं नसेल तर ते हत्यार कायद्यात येतं. कोयता, विळा, किचनची सुरी ठीक. वाढदिवसाला मिरवायची तलवार घेऊन कुणी आलं तर हात जोडा.

उरलेल्या तुकड्यांत चाव्यांची कीचेन, चष्म्याचं घर, विळ्याच्या मुठीचं वेष्टण असलं बरंच निघतं. बेल्ट करायचा तर माप पँटच्या साईजवर घेऊ नका, गिऱ्हाईकाचा जुना बेल्ट मागा, बकलच्या टोकापासून तो रोज वापरतो त्या भोकापर्यंत मोजा, ते आपलं मधलं भोक, दोन्हीकडं इंचा-इंचावर दोन दोन. बैलाच्या घुंगरांच्या पट्ट्यालाबी तसंच, जुना पट्टा मोजा, नाहीतर गळ्यावर दोरी फिरवून दोन बोटं आत जातील एवढी ढील ठेवा, घुंगरू पितळी कडीनं अडकवा आणि आतल्या बाजूला शिलाईची गाठ येऊ देऊ नका, कातडी सोलते. हे पट्टे पोळ्याला लागतात, पण पोळा पावसाळ्यात, तेव्हा चामडं सुकत नाही आणि बुरशी धरतं, म्हणून ओलं करायचं काम मृगाच्या आधी उरकून ठेवा, श्रावणात फक्त घुंगरू बसवायचे राहिले पाहिजेत.