गाडी शिकण्याआधी नजर शिकवावी

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी गाडी शिकायला घेतली, आणि पहिल्या आठवड्यात माझे सारे लक्ष पायांकडे लागलेले होते. क्लच कोणता, ब्रेक कोणता, गिअर बदलताना आधी काय दाबायचे, या विचारात समोरचा रस्ता जवळजवळ दिसेनासा होई. गाडी चालवणे हे हातापायांचे कौशल्य आहे असे मी धरून चालले होते. ते मुख्यतः पाहण्याचे कौशल्य आहे हे फार उशिरा उमगले, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

पायांची भीती मात्र आधी घालवावी लागते, आणि ती क्लच नेमके काय करतो हे कळले की बरीचशी जाते. इंजिन सतत फिरत असते आणि उभ्या गाडीची चाके स्थिर असतात. क्लचचे पेडल पूर्ण दाबले असता या दोहोंमधला दुवा सुटलेला असतो. पेडल हळूहळू वर येऊ लागले की क्लचची चकती इंजिनाच्या फिरत्या चक्राला घासत घासत धरू लागते, इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडीत हलकी थरथर जाणवते. त्या बिंदूवर पाय क्षणभर स्थिर ठेवायचा असतो. तो एकदम सोडला तर उभ्या गाडीचा सगळा भार इंजिनावर अचानक पडतो आणि ते बंद पडते. पहिल्या दिवशी माझी गाडी किती वेळा बंद पडली ते मी मोजणेच सोडून दिले होते, आणि दर वेळी मला अपराधी वाटत असे. तसे वाटण्याचे काही कारण नव्हते. सपाट, मोकळ्या जागेत ॲक्सिलरेटरला स्पर्शही न करता केवळ क्लच सोडत गाडी हलवण्याचा सराव करावा, म्हणजे तो बिंदू पायाला ओळखीचा होतो. जाड तळव्याच्या बुटांतून मात्र तो नीट जाणवत नाही.

बसण्याची जागा सुरू करण्यापूर्वीच नीट करून घ्यावी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि एअरबॅग उघडण्यास वाव राहावा म्हणून छाती स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटिमीटर दूर असली पाहिजे. घाबरलेला शिकाऊ माणूस पुढे सरकून स्टिअरिंगला बिलगतो. मीही तेच करीत होते.

आता नजरेविषयी. नवशिक्याची नजर बॉनेटच्या लगेच पुढच्या रस्त्यावर खिळलेली असते, त्यामुळे तो दर क्षणाला स्टिअरिंग थोडे इकडे, थोडे तिकडे करीत राहतो आणि गाडी नागमोडी जाते. नजर दूर नेली की हात आपोआप शांत होतात. खड्ड्याकडे पाहत राहिले तर गाडी खड्ड्याकडेच ओढली जाते, म्हणून ज्या मोकळ्या जागेतून जायचे आहे तिकडे पाहावे. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर सहज संपते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर साधारण चौपट होते, आणि ही गोष्ट अंदाजाने कळत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेल्यावर आपण तिथे पोहोचेपर्यंत निदान दोन सेकंद जावेत, पावसात चार, हा हिशेब मी पहिल्या दिवसापासून करायला हवा होता.

याचा सराव परवाना हाती येण्याआधीही करता येतो, आणि मला सर्वाधिक उपयोग त्याचाच झाला. कोणाच्या शेजारी बसून प्रवास करताना दिसेल ते हळू आवाजात सांगत जावे: उजवीकडून सायकल येते आहे, उभ्या गाडीचे दार उघडू शकेल, पुढे वळण आहे. सुरुवातीला आपण किती उशिरा पाहतो हे ध्यानात येऊन धक्का बसतो. आरशांनाही सगळे दिसत नाही. मागच्या बाजूचा काही भाग कोणत्याच आरशात येत नाही, म्हणून बाजू बदलण्यापूर्वी मान वळवून पाहण्याची सवय पहिल्याच दिवसापासून लावून घ्यावी.

प्रशिक्षकाशी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी असे मला कळकळीने वाटते. शिकवण्याच्या गाडीत बहुधा त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. माझे पहिले प्रशिक्षक काही न सांगता ते दाबत असत, आणि गाडी मीच थांबवली अशा समजुतीत मी कितीतरी दिवस होते. दुसऱ्या प्रशिक्षकांना मी विनंती केली की त्यांचा पाय पडेल तेव्हा त्यांनी तसे सांगावे. पहिल्याच तासाला त्यांनी अकरा वेळा सांगितले, आणि त्यातले बहुतेक प्रसंग मला दिसलेच नव्हते. घरी येऊन मी ते सगळे वहीत लिहून काढले, आणि पुढच्या तासाला त्याच रस्त्याने जाण्याचा आग्रह धरला.